अंजनाबाई आणि झुलती होडी

मी उभं आयुष्य नाटकात काढलं. गायले, बोलले, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून पोटातून आवाज काढला. पण अंजनाबाईसारखा आवाज मला कधी लाभला नाही. अंधेरीला सात बंगल्यांच्या मागे आमची दोन खोल्यांची जागा होती. सकाळी रस्त्याच्या वळणावरून ती नुसतं ‘मांदेलीऽऽ’ म्हणायची आणि मागच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बायका पातेली घेऊन खाली उतरायच्या. ना माईक, ना पेटीचा सूर. डोक्यावर पाटी, कमरेवर एक हात, आणि मान इतकी ताठ की आमच्या कंपनीतल्या राण्यांची भूमिका करणाऱ्या नट्यांनी तिच्याकडून चालणं शिकावं.

अंजनाबाई वेसाव्याची कोळीण. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढेमागे असेल. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, आणि जिभेला धार. आमच्या इमारतीतल्या उत्तराबाई बँकेत होत्या, त्यांना रोज एकच प्रश्न विचारायची सवय.

“अंजनाबाई, पापलेट ताजं आहे ना?”

“तुमची सासू वरून गॅलरीतनं वास घेते, मना ठाव हाय. शिळं आनायची माजी छाती नाय.”

“मग डोळे असे पांढरे का दिसतात?”

“तुमच्याकडं बघतंय ना, म्हनून.”

उत्तराबाई हसायच्या, आणि मासळी घ्यायच्याच. अंजनाबाईचं बोलणं कुणाला लागलं नाही, कारण त्यात कुजकेपणा नव्हता. एखाद्या घरी आजारपण असलं तर चार बोंबील न विचारता जास्त टाकून ती पुढे निघून जायची. आभार मानायला तोंड उघडलं की म्हणायची, “मांजराला घाला.”

माझा घसा बसल्यावर मी रंगमंच सोडला आणि हौशी मंडळींची नाटकं बसवू लागले. वेसाव्याच्या कोळीवाड्यात शिमग्याला नाटक व्हायचं. अंजनाबाईनेच मला तिकडे नेलं. “बाय, आमचे पोरगे लाटेवर गलबत उभं करतील, पन भाषान म्हनताना त्यांची दातखीळ बसते. तुमी त्यांना उभं रहायला शिकवा.” मी गेले. तालमी बंदरालगतच्या पटांगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या वलांडींशेजारी. मी त्यांना उभं राहायला शिकवलं आणि त्यांनी मला मासे खायला शिकवलं. त्या व्यवहारात फायदा माझाच झाला.

तालमीच्या आधी मी अंजनाबाईच्या घरी चहाला थांबायची. तिथे मला ती गोष्ट कळली. घरातल्या दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

तिचा नवरा बळवंत तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हातात, आणि त्याचा शब्द होडीवर शेवटचा. काळा, रुंद, दोन पावलं फाकून उभा राहणारा माणूस. जमिनीवरही तो असा उभा राहायचा, जणू जमीनच आता कलणार आहे. मुलगा चंदर, बाविशीचा, शिडशिडीत, बापापेक्षा उंच आणि सदा मान खाली. थोरली मुलगी जानकी दहिसरला दिलेली. म्हणजे घरात तिघंच.

मी पहिल्यांदा गेले त्या दिवशीचं बोलणं मला अजून आठवतं. बळवंत उंबऱ्याशी बसून जाळ्याला गाठी मारत होता. चंदर त्याच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला टेकून. बळवंत जाळ्याकडे बघतच बायकोला म्हणाला,

“त्याला इचार, डिझेलचा डबा कुठं ठेवला.”

“पडवीत हाय म्हनून सांग,” चंदर म्हणाला.

“पडवीत हाय,” अंजनाबाई चहा गाळता गाळता म्हणाली.

“पडवीत कुठं?”

“सांग, जात्याच्या मागं.”

“जात्याच्या मागं. अवो, तो काय मद्रासला बसलाय? तुमाला ऐकू येतंय, त्याला ऐकू येतंय. मी काय टेलिफोन एक्स्चेंज हाय?”

बळवंत उठून पडवीत गेला. चंदर उठून बाहेर गेला. अंजनाबाई माझ्यासमोर कप ठेवून म्हणाली, “दिवाळीपासनं ह्यो खेळ चाललाय, बाय.”

झालं असं होतं. दिवाळीनंतर होडी खोल समुद्रात असताना अवेळी वारा सुटला. लाट आडवी आली आणि होडी एका अंगावर कलली. अशा वेळी तांडेल ओरडतो, ‘वरच्या अंगाला’, आणि सगळे खलाशी, हातात असेल ते टाकून, होडीची जी बाजू वर उचलली गेली तिकडे धावतात. त्यांच्या वजनाने होडी सरळ होते. वेसाव्यात चालायला लागलेलं पोरसुद्धा हे खेळात खेळतं. त्या हाकेचा विचार करायचा नसतो. पाय आपोआप निघतात. त्या दिवशी बळवंत ओरडला, सगळे धावले, चंदर मात्र डोलकाठीच्या बुंध्याला मिठी मारून बसून राहिला. होडी सरळ व्हायला वेळ लागला. जाळी गेली. आणि अंजनाबाईचा भाऊ तुळशीदास, जो त्याच होडीवर खलाशी होता, त्याची दोन बोटं दोराच्या फेऱ्यात चिरडली.

तुळशीदासाने मनात काही ठेवलं नव्हतं. तो उरलेली बोटं नाचवत सांगायचा, “बरं झालं, आता बायको बोलते तेवा कानात घालायला दुसऱ्या हाताची बोटं वापरतो.” बळवंतही मुलाला एक शब्द रागाने बोलला नव्हता. त्याने फक्त त्याचं नाव घेणं सोडलं. ‘चंदर’ हा शब्द त्या घरातून गेला. त्या जागी ‘तो’ आला, ‘त्याला’ आला, ‘तुजा मुलगा’ आला. चंदर होडीवर जायचा बंद झाला. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला.

माझ्या मते शिवी परवडते. शिवीत निदान समोर माणूस आहे हे तरी कबूल असतं.

आणि आता शिमगा आला होता. शिमग्याला साऱ्या होड्या बंदराला लागतात, रंगपंचमी होईपर्यंत कुणी समुद्रात जात नाही. एरवी बळवंत पाण्यावर असायचा म्हणून ते मौन कसंबसं निभत होतं. आता बाप आणि लेक दिवसभर एकाच छपराखाली आले. त्यातच चंदरने आईला सांगून टाकलं की, पंचमी झाली की मी दहिसरला ताईकडे जाणार. चेकनाक्याजवळ एका इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये त्याने काम बघून ठेवलं होतं.

“जाऊ दे त्याला,” अंजनाबाई मला म्हणाली. तिच्या आवाजात त्या दिवशी बाजार नव्हता. “पोऱ्याला इंजिनातलं कळतं. पान्यात जायलाच पायजे असं कुटं लिवलंय? पन बाय, बापानं नाव घेऊन धाडला पायजे. ‘चंदर, जा’ असं बोलून. तसा न बोलता गेला तं तो परत येनार नाय. आपला पोऱ्या हाय, मना कळतं.”

एवढंच तिला हवं होतं. त्या एका हाकेसाठी तिने सगळे उपाय केले. जेवायला दोघांना एका ताटाशी बसवलं. खोटी डोकेदुखी काढली. नाटकाच्या तालमीला दोघांना पाठवलं, तर एक पटांगणाच्या ह्या टोकाला उभा राहिला, दुसरा त्या. शेवटी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी राहिली, पाटीशिवाय. पाटीशिवाय अंजनाबाई म्हणजे मुकुटाशिवाय राजा, क्षणभर मी ओळखलंच नाही.

“घाटकोपरला आनंदमेळा लागलाय,” ती म्हणाली. “उद्या आमी सगळी चाललोय. तुमी पन चला. तुमी असलात म्हंजे दोगं तोंड धरून वागतील.”

“आनंदमेळ्याने काय होणार गं?”

“काय होनार ते मना काय ठाव. घरात बसून काय होत नाय, एवढं कळलंय.”

दुसऱ्या दिवशी अंधेरीहून घाटकोपरच्या बसमध्ये आमची वरात चढली. अंजनाबाई, बळवंत, चंदर, तुळशीदास, होडीवरचे दोन खलाशी आणि मी. बळवंतने जानकीच्या लग्नात शिवलेली टेरिकॉटची पॅन्ट घातली होती. पॅन्टमध्ये तो बेडी घातल्यासारखा चालत होता. तुळशीदास त्याला म्हणाला, “भावजी, आज तुमी सायब दिसता. फकस्त पाय जरा जवळ घ्या, नायतर कंडक्टर दोन तिकिटं मागंल.” बळवंत खिडकीतून बाहेर बघत राहिला. चंदर मागे, दाराच्या दांड्याला धरून उभा. जागा होती तरी बसला नाही. अंजनाबाईने मांडीवर डबा धरला होता, तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेली मांदेली. मरोळ ओलांडेपर्यंत अर्धी बस आमच्याकडे वळून वास घेत होती.

मेळा मोठा होता. मैदानात कनाती, लाल-पिवळे दिवे, मोटारसायकलच्या विहिरीतून येणारा घरघराट, भोंग्यावर कुणी सारखं ‘आइये, आइये’ म्हणणारा. मला कंपनीच्या दौऱ्यांची आठवण झाली. जत्रेत तंबू ठोकायचे, आणि आत मेणबत्तीसमोर बसून आपण राणी व्हायचं. मेळा बघितला की माझ्या पायांना अजून खाज सुटते.

आधी आकाशपाळणा. पुरुष मंडळी मागे सरली, म्हणाली आम्ही बघतो. अंजनाबाईने माझा हात धरला आणि मला पाळण्यात ढकललं. “चला बाय, ह्यांच्या नाकावर टिच्चून.”

पाळणा सुरू झाला. पहिल्या फेरीत तिने पदर खोचला. दुसऱ्या फेरीत तिने माझं मनगट पकडलं. तिसऱ्या फेरीत मला कळलं की वेसाव्याची अंजनाबाई, जिने एकदा वखारवाल्याच्या अंगावर बर्फाची लादी फेकली होती, ती भ्याली आहे. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलताहेत.

“अंजना, देवाचं नाव घेतेस का?”

“नाय. मासळीचे भाव आठवतंय. तेवढंच मना तोंडपाठ येतं.”

मी हसले. पाळणा वरून खाली येताना पोट मागे राहतं आणि आपण पुढे येतो. गंमत अशी की पुढच्या फेरीला तेच पुन्हा हवंसं वाटतं. अंजनाबाईने एक डोळा उघडला, मग दुसरा. मग तिने तिचा तो आवाज लावला, ‘ओऽऽऽ’ असा, आणि खालची माणसं माना वर करून बघायला लागली. त्या आवाजात भीती किती आणि मजा किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग खालच्या पाळण्यांत माणसं भरण्यासाठी चक्र थांबलं, आणि आम्ही अगदी टोकावर लटकत राहिलो. वारा होता. खाली घाटकोपर पसरलेलं, पलीकडे टेकडीवरच्या झोपड्यांचे पत्रे उन्हात चमकत होते. अंजनाबाईने हळूच मान वाकवून खाली बघितलं आणि बघतच राहिली.

“काय झालं?”

“ते बघा.”

खाली मैदानात बळवंत उसाच्या रसाच्या गाडीशी उभा होता. चंदर तिथून लांब, फुगेवाल्याजवळ. मधून माणसं जात-येत होती. दोघं दोन दिशांना बघत, पण दोघांचेही पाय तसेच फाकलेले, दोघांचेही हात तसेच पाठीमागे बांधलेले.

“वरून बघितलं की वाटतं, एकाच साच्यातनं काढलेत,” ती म्हणाली. “आनि दोगांतनं हत्ती जाईल एवढी वाट.” मग तिची नजर मैदानाच्या कोपऱ्यात गेली, जिथे लोखंडी सांगाड्याला टांगलेली एक मोठी लाकडी होडी पुढे-मागे झुलत होती. ती विचारात पडली. नाटकात नट पुढचं वाक्य आठवतो तेव्हा त्याचा चेहरा असा होतो. “बाय,” ती म्हणाली, “तांडेल होडीत बसंल. दुसऱ्या कशात नाय बसनार, पन होडीत बसंल. आनि बसला, की दुसऱ्याला बाजूला मी बसवतंय.”

खाली उतरल्यावर ती सरळ नवऱ्याकडे गेली.

“अवो, ती होडी बघितलीव?”

बळवंतने बघितली होती. मघापासून तो तिच्याकडेच बघत होता. “ही कसली होडी,” तो म्हणाला. “हिला सुकानू नाय, पुढची नाळ चुकीची हाय. दोन्ही टोकं सारखीच. पान्यात टाकली तं भोवऱ्यासारखी फिरंल.”

“मग दावा ना बसून. का घाबरता?”

तुळशीदास खोकला. खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. बळवंत तांडेलाला हे कुणी आजवर विचारलं नव्हतं. त्याने पॅन्ट वर ओढली आणि तो होडीकडे चालायला लागला.

ती होडी मशीनवर चालायची. खाली एक रबरी चाक होतं, ते फिरलं की होडीच्या तळाला घासून तिला ढकलायचं. आत आडवी बाकडी, प्रत्येकासमोर धरायला एक लोखंडी दांडा. अर्धी बाकडी ह्या टोकाकडची, अर्धी त्या, मधोमध तोंडाला तोंड. बळवंत अर्थातच अगदी टोकाच्या बाकड्यावर गेला, जिथे तांडेल असतो. अंजनाबाईने मागे वळून चंदरला दंडाला धरलं. “तू तिथं बस.” तो ‘नको’ म्हणाला. ती म्हणाली, “तू पंचमीला जानार ना? आवशीचं एक ऐक.” तो बापाशेजारी जाऊन बसला, बाकड्याच्या कडेला, मध्ये जागा ठेवून. आम्ही दोघी त्यांच्या पुढच्या बाकड्यावर. तुळशीदास आणि खलाशी मधल्या भागात. समोरच्या टोकाला घाटकोपरचं एक गुजराती कुटुंब, आजीसकट.

होडी हलली. पहिले झोके छोटे होते, पाळण्यासारखे. बळवंत मागून म्हणाला, “हे काय, खाडीत बी एवढं हलतं.” मग चाकाने जोर धरला. आमचं टोक वर गेलं, थांबलं, आणि खाली सुटलं. गुजराती आजीने ‘हे राम’ म्हटलं. समोरचं टोक आमच्यापुढे आकाशात चढलं, पुन्हा सुटलं. मी दांडा धरला. अंजनाबाईने दांडा आणि मी, दोन्ही धरलं.

होडी पुन्हा वर गेली, मघापेक्षा कितीतरी वर. समोरच्या बाकड्यांवरची माणसं पायाखाली दिसायला लागली. आणि त्या क्षणी माझ्या मागून तो आवाज आला. पोटातून, वाऱ्याला कापत जाणारा.

“वरच्या अंगाला!”

बळवंत तांडेल उभा राहिला होता. दांडा सोडून, पाय फाकून, हात वर. मी वळून बघितलं तर त्याचे डोळे घाटकोपर बघत नव्हते.

आणि मधल्या बाकड्यांवरचे तिघंही उठले. तुळशीदास, दोन खलाशी. कुणी विचार केला नाही. हाक आली आणि पाय निघाले. पुढची बाकडी ओलांडत, लोकांच्या मांड्यांवर गुडघे देत ते आमच्या टोकाकडे चढायला लागले. कुणाची तरी चप्पल माझ्या कानाजवळून गेली. खालून मशीनवाला ओरडला, “ए चाचा, बैठ जाओ. अरे बैठो, मरोगे क्या?” पण होडीवर तांडेलाशिवाय दुसऱ्याचं कोण ऐकतं?

होडी टोकाला जाऊन क्षणभर थांबली आणि मग खाली सुटली. बळवंतच्या पायाखालून फळी निघून गेली. तो पुढे, दांड्यावरून पुढे फेकला गेला. मला त्याचा हात हवेत दिसला, काहीतरी शोधणारा.

चंदरने त्याला मिठी मारली. बाकड्यावर बसल्या जागी, दोन्ही हातांनी बापाच्या कमरेला विळखा घातला, स्वतःचे पाय पुढच्या बाकड्याखाली अडकवले आणि सगळं अंग मागे टाकलं. बळवंत त्याच्या मांडीवर कोसळला. होडी खाली आली, पलीकडे चढली, पुन्हा आमच्याकडे आली. मशीनवाल्याने ब्रेक ओढला होता, पण होडी काय एकदम थांबते? प्रत्येक झोक्याला बळवंत उठू बघत होता आणि प्रत्येक झोक्याला चंदर त्याला खाली दाबत होता.

“बसून रहा, बा,” तो म्हणत होता. “हितं बसूनच रहायचं असतं. काय होत नाय. माज्याकडं बघा.”

मग मी बळवंतचा आवाज ऐकला. मघाचा नाही. वेगळाच, पातळ.

“चंदर, सोडू नको. चंदर, मना सोडू नको.”

अंजनाबाईने माझ्या दंडात नखं रुतवली. ती मागे वळली नाही. तिने फक्त डोळे मिटले, आणि ह्या वेळी ती मासळीचे भाव आठवत नव्हती.

होडी थांबली. तुळशीदास दोन बाकड्यांच्या मध्ये गुजराती आजीच्या पायाशी बसलेला सापडला, आजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला. कुणाला खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं. मशीनवाला चढून आला आणि त्याने आम्हाला हिंदीत आणि आणखी कुठल्यातरी भाषेत झाडलं. “पूरा जहाज लेके आये हो क्या? बीस साल से चला रहा हूँ, ऐसा पब्लिक नहीं देखा.” मग चंदरकडे बोट करून म्हणाला, “इस लडके को देखो. ये अकेला समझदार है. बैठा रहा.”

हे ऐकून तुळशीदासला जे हसू फुटलं ते थांबेना. बसून राहिला म्हणून ज्याच्याकडे अख्खं वेसावे बोट दाखवत होतं, त्याला बसून राहिला म्हणून शाबासकी मिळाली. खलाशीही हसले. चंदर हसला नाही. तो बापाला धरून शिडीवरून उतरवत होता.

आम्ही एका कनातीच्या सावलीत, गवतावर बसलो. अंजनाबाईने लिंबू सरबत आणलं. बळवंतच्या पेल्यातलं थोडं सरबत टेरिकॉटच्या पॅन्टवर सांडलं. मी नाटकवाली. अशा वेळी काहीतरी वाक्य टाकून प्रवेश सांभाळायची मला खोड आहे. पण त्या दिवशी देवाने मला गप्प बसायची बुद्धी दिली.

शेवटी बळवंतच बोलला. पेल्याकडे बघत.

“मना वाटलं, संपलं.”

“मना बी त्या दिवशी तसंच वाटलेलं,” चंदर म्हणाला. “हाक ऐकू आली व्हती, बा. ऐकू नाय आली असं नाय. पन पाय उचलंना.”

बळवंतने मान हलवली. मग आपले तळहात उघडून त्याने त्यांच्याकडे बघितलं. दोर आणि लाकूड धरून कातड्यासारखे झालेले हात.

“समुद्रात माज्या हातात सुकानू असतं,” तो म्हणाला. “भ्यायला मोकळा हात नसतो. आज हातात काय नव्हतं तं बघितलंव ना काय झालं. वाट लागली माजी.” तो थांबला. “त्या दिवशी तुज्या हातात बी काय नव्हतं. मी कदी दिलंच नाय काय.”

मला त्याचं म्हणणं तंतोतंत पटलं. रंगमंचावर नवखा नट कशाने मरतो? रिकाम्या हातांनी. म्हणून आम्ही त्याला तांब्या देतो, पंखा देतो, काठी देतो. हात गुंतला की जीभ सुटते. हे मला शिकायला वर्षं लागली, बळवंतला ते एका झोक्यात कळलं.

“मी दहिसरला जातोय,” चंदर म्हणाला. “इंजिनाचं काम हाय.”

अंजनाबाईच्या हातात पेला तसाच राहिला.

“ठाव हाय,” बळवंत म्हणाला. “जा. पन चंदर, दर रविवारी यायचं. आपल्या इंजिनाची घरघर मना नाय आवडत. मागच्या फेरीला मधेच गप झालं व्हतं.”

“नोझल बघितलंव का?”

“नोझल काय झालंय नोझलला? नवं हाय.”

“नवं म्हनून काय झालं. डिझेलमदी पानी हाय तुमच्या. डबा उघडा ठेवता पडवीत.”

“मी उघडा ठेवतो? तूच ठेवलास.”

तुळशीदासने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. अंजनाबाई उठली, म्हणाली “मी हात धुऊन येते”, आणि कनातीच्या मागे गेली. मी थोड्या वेळाने तिच्यामागे गेले. ती तंबूच्या दोराला धरून उभी होती. आधी वाटलं रडते आहे. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती, पदर तोंडात कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. डोळ्यांतून पाणी मात्र खरोखर वाहत होतं.

“काय गं?”

“काय नाय, बाय. इतके महिने मी दोगांची वाक्यं वाहिली. आता पाटी उतरवल्यागत वाटतं.”

मग आम्ही भाकऱ्या आणि मांदेली खाल्ली. गुजराती आजीला लांबूनच हात जोडले, तिनेही हसून जोडले. खलाशांना पुन्हा आकाशपाळण्यात बसायचं होतं, अंजनाबाईने त्यांना हाकलून परत आणलं. बळवंतला कुणी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, “वेसाव्यात ही गोष्ट मी सांगनार. तुमच्यापैकी कुनी आधी सांगितली तं खाडीत बुडवीन.” आणि त्याने सांगितलीही. पंचमीच्या आदल्या दिवशी, पटांगणात, सगळ्या तांडेलांसमोर, स्वतः उभा राहून, हात वर करून, ‘वरच्या अंगाला’ अशी हाक देऊन, आणि मग मुलाच्या मांडीवर आपण कसे कोसळलो ते दाखवत. मी आयुष्यात पुष्कळ विनोदी नट बघितले. स्वतःच्या फजितीवर इतक्या मोकळ्या मनाने लोकांना हसवणारा क्वचितच. चंदर गर्दीत मागे उभा होता. लोक हसता हसता त्याच्याकडे वळून बघत होते, आणि कितीतरी महिन्यांनी त्याची मान वर होती.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही घाटकोपरच्या बसस्टॉपवर उभे होतो. अंधेरीच्या दोन बसेस यायच्या, एक सरळ, एक वळसा घेऊन. कुठली घ्यायची यावरून बाप-लेकाचं जुंपलं.

“ती लवकर जाते, चंदर, मना सांगू नको.”

“लवकर जाते पन उभं रहायला लागतं. तुमचे पाय बघा आधी, अजून हलतात.”

“माजे पाय हलत नायत.”

“मग पॅन्ट हलते वाटतं.”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी अंजनाबाईला म्हटलं, “अगं, सांग त्यांना. बस निघून जाईल.”

अंजनाबाई स्टॉपच्या कठड्यावर बसली होती. चपला काढून तिने पाय पसरले होते आणि पोटऱ्या दाबत होती. एक बस आली आणि गेली. तिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

“दुसरी येईल,” ती म्हणाली. “बोलू दे त्यांना.”